दोन तपासण्यांच्या मधले दिवस : खान्देशातल्या गावात आरोग्य स्व-व्यवस्थापनाचा गट कसा चालवावा

उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळतात, डॉक्टर पाच-सात मिनिटे पाहतात, आणि त्यानंतरचे एकोणतीस दिवस त्या गोळीचे, भाकरीचे, चालण्याचे आणि उडालेल्या झोपेचे काय करायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, दमा, जुनी उदासी हे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार आहेत आणि त्यांचा बराचसा निकाल घरातच लागतो. 'मला बीपी आहे' असे सांगणाऱ्या माणसाच्या घरी गेल्यास गोळ्यांचे पाकीट देवघराच्या फळीवर किंवा फराळाच्या रिकाम्या डब्यात सापडते, आणि त्यातल्या गोळ्या 'डोके दुखले की घेतो' या हिशेबाने संपलेल्या असतात. या मधल्या दिवसांसाठी गावातल्याच माणसांचा छोटा गट कसा उभा करावा, याची रीत येथे दिली आहे. ती तापीकाठच्या आमच्या अनुभवातून आलेली असून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीनही जिल्ह्यांत थोडा फेरफार करून चालण्यासारखी आहे.

पद्धत नवी नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी आधी संधिवाताच्या आणि पुढे सर्वच दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी असा कार्यक्रम बांधला : आठवड्यातून एकदा अडीच तास, असे सहा आठवडे, दहा ते सोळा माणसे, आणि चालवणारे दोघे, ज्यांच्यापैकी किमान एक जण स्वतः अशा आजारासोबत जगणारा. त्यामागचा विचार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांचा आहे. नुसती माहिती मिळाल्याने माणसाचे वागणे बदलत नाही. 'हे मला जमेल' असे वाटू लागल्यावर ते बदलते, आणि तसे वाटायला छोटी गोष्ट स्वतः करून पाहावी लागते किंवा आपल्यासारख्याच कोणी केलेली डोळ्यांनी पाहावी लागते. आपल्याकडे यासाठीची जमीन आधीच नांगरलेली आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' या उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांना मनाच्या त्रासात सोबत करायला शिकवले. आणि बचत गटाची ठरलेल्या वारी होणारी बैठक तर आता गावोगावी अंगवळणी पडली आहे.

आमचा पहिला प्रयत्न मात्र फसला, आणि का फसला हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही सभामंडपात माईक लावला, शहरातून डॉक्टर बोलावले आणि पहिल्या दिवशी मंडप भरला. डॉक्टर चांगले बोलले : गोड कमी करा, रोज चाला, टेन्शन घेऊ नका. चौथ्या आठवड्याला सतरंजीवर सात माणसे होती, आणि त्यांतले तिघे आयोजक होते. पुढे एका मावशींनी त्याचे कारण एका वाक्यात सांगितले. त्या म्हणाल्या, 'टेन्शन घेऊ नका म्हनतात, पन ते मी बजारातून थोडीच आनते?' तेव्हापासून आम्ही माईक बंद केला, आणि गटात येणारा प्रत्येक जण पुढच्या आठवड्यात काय करणार हे स्वतःच्या तोंडाने सांगेल आणि आठ दिवसांनी त्याची विचारपूस होईल, या एकाच गोष्टीभोवती सगळे रचले.

आधी कोणाला भेटावे, गटात कोणाला घ्यावे

सुरुवात आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या, म्हणजे उपकेंद्रातल्या, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपासून करावी, कारण गोळ्या, बीपीची नोंद आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाती असतात. त्यांना 'आम्ही उपचार करणार नाही, तुम्ही दिलेला उपचार घरी नीट चालावा म्हणून बसणार आहोत' असे स्पष्ट सांगावे. म्हणजे गैरसमज राहत नाही. त्यानंतर आशाताईंना भेटावे. तीस वर्षांवरील माणसांचा तपासणीचा फॉर्म त्या घरोघर भरतात, त्यामुळे कोणत्या घरात कोण काय सोसत आहे हे त्यांना रजिस्टर न उघडताही ठाऊक असते. मात्र गट चालवण्याचे काम आशाताईंच्या गळ्यात घालू नये. त्यांच्या पिशवीत आधीच पुरेशी रजिस्टरे आहेत, आणि त्या बसल्या की लोक सरकारी कार्यक्रम समजून मान डोलावतात. त्यांनी दुवा राहावे एवढे पुरे. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्राम आरोग्य समितीच्या कानावर घालावे, परंतु उद्घाटनाचा नारळ फोडण्याचा मोह टाळावा.

गटात दहा ते पंधरा माणसे असावीत. त्यापेक्षा जास्त झाली तर बोलायची पाळी येत नाही. आठाच्या खाली गेली तर एका लग्नतिथीला बैठक मोडते. एकाच आजाराची माणसे हवीत असे नाही. शुगर असलेली वहिनी, गुडघे धरलेले आबा, मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणारा तरुण, आणि पक्षाघात झालेल्या सासूची दोन वर्षे सेवा करून स्वतः खंगलेली सून, असे सगळे एकत्र बसू शकतात, कारण त्यांचे रोजचे अडथळे सारखेच असतात : थकवा, दुखणे, झोप, पैसा आणि घरच्यांचे बोलणे. या मिसळीचा मोठा फायदा असा, की मनाचा त्रास असलेल्या माणसाला वेगळे ओळखले जात नाही. म्हणूनच गटाच्या नावात 'मानसिक' हा शब्द चुकूनही घालू नये. गावात त्या शब्दाचा अर्थ एकच लावला जातो, आणि मग ज्याला खरी गरज आहे तो त्या गल्लीतूनही जात नाही. आम्ही 'आरोग्य गट' म्हणतो, लोक 'शुगरवाल्यांची मीटिंग' म्हणतात, दोन्ही चालते.

बायका आणि पुरुष यांचे गट वेगळे असावेत असे माझे मत आहे. मोठ्या दिरासमोर पदर सावरून बसलेली बाई आपल्या झोपेविषयी बोलत नाही. बायकांचा गट बचत गटाच्या आधाराने लवकर जमतो. पुरुषांना जमवणे हे खरे कसोटीचे काम आहे, कारण तब्येतीविषयी बोलायला बसणे हे त्यांना कमीपणाचे वाटते. आम्हाला ते सापडले सकाळी दूध डेअरीवर. दूध घालून किटली रिकामी झाल्यावर अर्धा-पाऊण तास त्यांना घरी जायची घाई नसते. तिथे आधी फक्त बीपी मोजायला सुरुवात केली, आणि दोन आठवड्यांनी ज्यांचे आकडे चढे निघाले त्यांना थांबायला सांगितले. आकडा दिसला की पुरुषमाणूस थांबतो.

हंगाम, वेळ आणि जागा

सहा आठवडे सलग मिळतील असा काळ निवडणे हे अर्धे काम आहे. कापूसपट्ट्यात जून-जुलैची पेरणी आणि ऑक्टोबरपासून चालणारी वेचणी या काळात गट सुरू करू नये. फेब्रुवारीनंतर अखाजीपर्यंतचा (अक्षय तृतीयेपर्यंतचा) काळ बरा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मोकळा हंगाम असा नसतोच, तेथे वार आणि वेळच सांभाळावी लागते. सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुवा-तळोद्याकडे, पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. तेथे होळी झाल्याशिवाय यादीसुद्धा करू नये. बाजाराचा दिवस टाळावा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना दुपारची बैठक म्हणजे वयस्कर माणसांना त्रास देणेच होय. रात्री जेवणे उरकल्यावर आठनंतर बसावे.

अडीच तास आपल्याकडे जमत नाहीत. दीड तास ठेवून सहाऐवजी आठ आठवडे घ्यावेत असे आम्ही ठरवले आणि ते मानवले. जागा अशी हवी की दार लावता येईल. पार हवेशीर असतो, पण पारावर बोललेले एसटी स्टँडपर्यंत पोहोचते. अंगणवाडीची खोली, शाळेचा वर्ग किंवा ग्रामसंघाचे कार्यालय चालते. एखाद्या वाड्यात किंवा मंदिरात बसल्यास गावातल्या काही वस्त्यांची पावले तिकडे वळत नाहीत, हे उघड कोणी सांगत नसले तरी चालकांनी ओळखावे. बसणे गोलात असावे. गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या लागतातच. त्या मागे न लावता गोलातच लावाव्यात, नाहीतर खुर्चीवरची माणसे प्रेक्षक होतात.

चालक कोण असावेत

दोघे असावेत, म्हणजे एक बोलत असताना दुसरा चेहरे पाहतो. त्यांच्यापैकी एकाला तरी स्वतःचा आजार असावा आणि तो सांगायची लाज नसावी. शिक्षण दहावी असो वा चौथी, फरक पडत नाही. ऐकून घेण्याची सवय लागते. गावात ज्याच्याकडे लोक भांडण घेऊन जातात त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे गुपचूप उसने मागायला जातात तो माणूस या कामाला योग्य, कारण त्याच्या तोंडून गोष्ट फुटत नाही हे आधीच सिद्ध झालेले असते. पहिल्या बैठकीआधी चालकांनी आपापसांत दोनदा सराव करावा, एकाने सदस्य होऊन आणि दुसऱ्याने चालक होऊन.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. इथले बोलणे इथेच राहील. कोणी कोणाला औषध सांगणार नाही किंवा बंद करायला लावणार नाही. आणि गटात काही विकले जाणार नाही. तिसरा नियम मी अनुभवाने घातला आहे : आमच्या एका बैठकीत 'शुगर मुळापासून घालवणारी' पावडर घेऊन कोणाचा तरी पाहुणा येऊन बसला, आणि दोघींनी ती घेऊन गोळ्या थांबवल्या. दुरुस्त करायला महिना गेला.

आठवड्याचा बेत : गटाचा कणा

प्रत्येक बैठकीचा शेवटचा अर्धा तास यासाठी राखून ठेवावा. विषय अपुरा राहिला तरी चालेल, बेत राहता कामा नये. प्रत्येकाने पाळीपाळीने सांगायचे : काय करणार, किती, केव्हा, आठवड्यातून किती दिवस. ही गोष्ट त्याला स्वतःला हवीशी असावी. सुनेने किंवा डॉक्टरांनी सांगितले म्हणून केलेला बेत बुधवारपर्यंत टिकतो.

एका बैठकीतला प्रसंग जसाच्या तसा देतो. एक अक्का म्हणाल्या, 'मी आता रोज फिरायला जाईन.' चालकाने विचारले, 'केव्हा जाल?' 'संध्याकाळी.' 'संध्याकाळी भाकरी कोण टाकते?' अक्का हसल्या. भाकरी त्याच टाकत होत्या. मग वेळ सकाळची ठरली, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडून परत न येता तसेच पुढे मारुतीच्या देवळापर्यंत जायचे. 'किती दिवस?' 'सातही.' 'शनिवार-रविवारी शाळेची गाडी येते का?' तेव्हा पाच दिवस झाले. मग चालकाने शेवटचा प्रश्न विचारला : 'हे जमेल असे सोळा आण्यांपैकी किती आणे वाटते?' अक्का थोडा वेळ थांबून म्हणाल्या, 'दहा आणे.' अडचण काय, तर पायात चप्पल लागते. मग अंतर देवळापर्यंतचे न ठेवता डांबरी रस्त्याच्या वळणापर्यंतचे केले, चप्पल बदलायचे रविवारच्या बाजारावर टाकले, आणि आणे चौदावर गेले.

मूळ पद्धतीत शून्य ते दहा असा अंदाज विचारतात आणि सातच्या खाली उत्तर आले तर बेत लहान करतात. आमच्याकडच्या साठीच्या पुढच्या माणसांना दहाच्या आकड्यापेक्षा आण्यांची भाषा पटकन कळते; बारा आण्यांच्या खाली बेत पक्का करू नये असा आमचा दंडक आहे. तरुणांना दहा हरभऱ्याचे दाणे पुढे ठेवून त्यांतले उचलायला सांगितले तरी चालते. बेत लहान वाटला म्हणून कोणी हसत असेल तर चालकाने तिथेच थांबवावे. पूर्ण झालेला छोटा बेत पुढच्या मोठ्या बेताला बळ देतो. मोडलेला मोठा बेत माणसाला गटातूनच घालवतो.

पुढच्या बैठकीची सुरुवात 'काय झाले?' या प्रश्नाने करावी. बेत मोडला असेल तर कारण विचारावे, समजावणी देऊ नये. येथे गटाचा खरा उपयोग दिसतो. ज्याचा बेत अडला त्याने अडथळा नेमक्या शब्दांत सांगायचा, इतरांनी सुचवायचे, पण 'तुम्ही असे करा' या भाषेत नव्हे, 'मी असे केले होते' या भाषेत. चार-पाच उपाय पुढे आले की त्यांतला एक त्याने स्वतः निवडायचा. एका अप्पांची रात्रीची गोळी वारंवार चुकत असे. ते विसराळू नव्हते. शेतीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, रात्रीच्या पाळीला ते जेवून लगेच मळ्यात जात आणि गोळी घरच्या कपाटात राही. ही गोष्ट कोणत्याही डॉक्टरांना कळली नसती, कारण दवाखान्यात ते 'घेतो की गोळी' एवढेच सांगत. गटात शेजारच्या मळ्यातल्या माणसाने सांगितले की तो आपल्या गोळ्या बॅटरीच्या पिशवीतच ठेवतो, कारण बॅटरीशिवाय कोणी मळ्यात जात नाही. अप्पांनी तेच धरले. रात्रपाळीमुळे झोप आणि गोळीची वेळ दोन्ही हलतात हे त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितले, आणि डॉक्टरांनी गोळी सकाळवर घेतली. गोळीची वेळ बदलणे हे डॉक्टरांचेच काम; वेळ का चुकते हे शोधणे गटाचे.

आठ आठवड्यांत काय बोलावे

गोळ्या आणि तपासणी यांच्यासाठी एक आठवडा पुरतो. रक्तदाब पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही, म्हणून 'आता बरे वाटते' हे गोळी थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, हा मुद्दा सदस्यांच्याच अनुभवातून काढावा. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा, मधे बोलू नये, आणि त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री टाळावी. आकडे गटात मोठ्याने वाचू नयेत. ज्याचे त्याने आपल्या वहीत लिहावे.

मधुमेहाच्या सदस्यांना साखर उतरण्याची लक्षणे तोंडपाठ हवीत : घाम, हातापायांना कंप, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ. मोजता आली आणि सत्तरच्या खाली असली, किंवा मोजायची सोय नसली, तरी तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर काही खावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. आपल्याकडे हे बहुधा उपवासात घडते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र किंवा रमजानचे रोजे धरायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळी किंवा इन्सुलिन ठरवून घ्यावे. 'उपवास आहे म्हणून गोळी नको' आणि 'गोळी घेतली पण खाल्ले नाही' हे दोन्ही घातक. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते. फ्रिज नसल्यास, किंवा उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जात असल्यास, मोठ्या माठात ओली वाळू आणि तिच्यात लहान मडके, अशा जोडीत बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ठेवावी आणि वाळू ओली राखावी. आमची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने हा माठ चांगला थंडावतो. वापरात घेतलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी, आणि इन्सुलिन कधीही बर्फाला लागू देऊ नये.

पायांसाठी वेगळी अर्धी बैठक द्यावी. उपटलेल्या पराट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) शेतात खुंट तळपायाला लागतात आणि शुगरमुळे संवेदना कमी झालेल्या पायाला ते कळत नाहीत. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवा आरशात पाहणे किंवा नातवंडाला पाहायला लावणे हा बेत लहान मुलांमुळे हमखास पाळला जातो. मुले सोडत नाहीत.

आहाराच्या बैठकीत 'हे बंद, ते बंद' ही यादी वाचू नये. भरीत, शेवभाजी, ठेचा, पापड यांवर वाढलेल्या माणसाला उकडलेल्या दुधीचा उपदेश केला तर तो बाहेर जाऊन आधी शेवभाजी खातो. त्याऐवजी प्रत्येकाने काल दिवसभर काय खाल्ले ते सांगावे आणि त्यातले एकच काही बदलावे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे, शेव आणि ठेच्यातले मीठ त्यातच धरायचे असते, हे मोजून दाखवले की बायका स्वतःच हिशेब मांडतात. 'भाकरीने शुगर वाढत नाही' हा समज मात्र काढावा. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा उजवी असली तरी चार भाकऱ्या त्या चारच. अखाजीचा आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, कानबाईचे रोट यांसाठी आधीच बेत करावा : किती, दिवसातून कोणत्या वेळी, आणि त्या दिवशी दुसरे काय कमी. सण ठरवून साजरा केलेला बरा, चोरून खाल्लेला नव्हे.

व्यायामाविषयी आठवड्याला दीडशे मिनिटे हा आकडा सांगावा, पण शेतमजूर बाईला 'चाला' म्हणू नये. ती दिवसभर वाकलेलीच असते. तिच्या बेतात पाठीचे ताण काढणे आणि दुपारची अर्धा तास विश्रांती यावी. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून ज्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत, त्या बागायतदारांना चालायला लावावे.

मनाची बैठक

ही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर घ्यावी, गोलातली माणसे एकमेकांना ओळखू लागल्यावर. शब्द त्यांचेच वापरावेत. 'नैराश्य' हा शब्द कोणी बोलत नाही. 'माले झोप लागत नही', 'जीव घाबरस', 'मन लागत नही', 'डोकं जड', 'नुसतं रडू येतं' ही भाषा आहे आणि तीच पुरेशी अचूक आहे. सुरुवात एका चक्राने करावी, पाटीवर काढून : दुखणे, त्यामुळे झोप नाही, त्यामुळे थकवा, त्यामुळे काम राहते, त्यामुळे काळजी आणि चिडचिड, त्यामुळे अंग आखडते आणि दुखणे वाढते. हे चक्र कुठेही तोडता येते. आपल्याला त्यातली कोणती कडी हाताशी आहे हे प्रत्येकाने बोट ठेवून दाखवावे.

उदास माणूस 'बरे वाटले की बाहेर पडेन' म्हणतो. येथे क्रम उलटा करावा लागतो : आधी छोटी कृती, मग हळूहळू बरे वाटणे. म्हणून या आठवड्याच्या बेतात एक तरी गोष्ट अशी असावी जी पूर्वी आवडत होती आणि सुटली. कोणी हरिपाठाला पुन्हा जाऊ लागले, एका माणसाने बंद पडलेला रेडिओ दुरुस्त करून घेतला, एक वहिनी वर्षभराने शेजारच्या ओट्यावर जाऊन बसल्या. काळजीसाठी दिवसाची एक वेळ ठरवून देणे हाही उपाय चालतो. रात्री अंथरुणात हप्ता आठवला तर 'उद्या चार वाजता' असे स्वतःला सांगायचे, आणि चारला खरोखर कागद घेऊन बसायचे. अर्थात कर्जाची काळजी श्वासाच्या व्यायामाने जात नाही, आणि ती तशी जाते असे भासवणे हा अपमान आहे. तेथे गटाने सोबत करावी : बँकेत पुनर्गठनाचा अर्ज द्यायला, पीकविम्याची तक्रार नोंदवायला, बचत गटाचा हप्ता पुढे ढकलून घ्यायला एक माणूस बरोबर जावा.

भगताकडे किंवा देवाच्या ठिकाणी जाणाऱ्यांची टवाळी करू नये. तेथे त्याला धीर मिळत असेल तर मिळू द्यावा. चालू असलेली गोळी सोडू नये एवढा एकच आग्रह धरावा. मनाच्या आजाराच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात आणि त्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, हे घरच्यांनाही सांगावे.

चालकांनी प्रत्येकाला एकटे गाठून दोन प्रश्न विचारावेत, जे आशाताईंच्या फॉर्ममध्येही आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असे झाले का, आणि उदास, निराश वाटले का. बहुतेक दिवस तसे वाटत असेल तर त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे न्यावे. तेथून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ मोफत मिळतात. 'जगून काय उपयोग' असे कोणी बोलले तर विषय बदलू नये. स्वतःला संपवण्याचा विचार येतो का, असे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पहिल्यांदा कोणीतरी ऐकले म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या कुलपात हलवावे, टेलीमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन करावा, आणि दवाखान्यात घेऊन जावे. हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास मिळतो आणि मराठीत बोलता येते. कापूसपट्ट्यात फवारणीचे डबे खाटेखाली किंवा धान्याच्या कोठीशेजारी असतात, म्हणून संकट नसतानाही गटातल्या सगळ्यांनीच ते मळ्यात, कुलपाच्या पेटीत ठेवण्याचा बेत एका आठवड्याला घ्यावा. गावात अजून पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवला जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे पूर्वीचे ३०९ कलम ठेवलेले नाही, हे घरच्यांना सांगितले की दवाखान्याची वाट मोकळी होते.

दारूचा विषय पुरुषांच्या गटात आपोआप निघतो. तेथे उपदेशाऐवजी नेहमीचीच चौकट वापरावी : किती, कोणासोबत, कोणत्या दिवशी कमी करणार. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवल्यास हात थरथरणे, झटके येणे असे धोके असतात, म्हणून त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

सातपुड्याकडच्या गावांसाठी

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात बैठक भिलीत किंवा पावरीत चालावी, चालक त्याच पाड्यातला असावा, आणि शुगर-बीपीच्या जोडीला सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, हा विषय धरावा. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, त्यातून तपासणीची कार्डे लोकांच्या हाती आली आहेत; पण कार्डाचे पुढे काय करायचे हे घरात कोणाला ठाऊक नसते. उन्हात काम करताना भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, गोळ्या न चुकवणे, ताप किंवा छातीत दुखणे सुरू होताच वाट न पाहता दवाखाना गाठणे, हे सगळे आठवड्याच्या बेतात बसते. लग्नाआधी दोघांची कार्डे पाहण्याविषयी तरुणांशी वेगळे बोलावे, आईबापांसमोर नव्हे.

आठ आठवड्यांनंतर

गट तेथे मोडू नये. महिन्यातून एकदा, बचत गटाच्या बैठकीला जोडून, तासभर बसावे. त्यात फक्त मागचा बेत आणि पुढचा बेत. खर्च फार नसतो : वह्या, बिनसाखरेचा चहा, दंडावर बांधायचे एक डिजिटल बीपी मशीन आणि त्याचा जाड दंडासाठीचा मोठा पट्टा, कारण लहान पट्ट्याने बीपी खोटे जास्त दिसते. ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून ते मागता येते. ठराव लिहून द्यावा लागतो. नोंद तीनच गोष्टींची ठेवावी : आले किती, बेत किती दिवस पाळला, आणि सुरुवातीचे व तीन महिन्यांनंतरचे बीपी व शुगर. चौथा रकाना वाढवला की चालक वही भरण्यात गुंततो आणि समोरच्याकडे पाहत नाही.

प्रत्येक बैठकीनंतर दोन्ही चालकांनी दहा मिनिटे मागे थांबून आज कोण गप्प होते हे एकमेकांना सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकाने त्या घरावरून सहज जाऊन यावे. आमच्या पुरुषांच्या गटाची दुसरी फेरी बॅटरीच्या पिशवीत गोळ्या ठेवणारे अप्पा चालवतात. सही करण्यापुरतेच लिहिता येते म्हणून आधी त्यांनी नाही म्हटले होते. वही आता त्यांची सून भरते, आणि बैठकीचा वार विजेच्या पाळीपत्रकावरून ठरतो.